तळ्याकाठचा साधा मुक्काम

१

डोंगरमाथ्यावर पाणी टिकते असे ध्यानात आले की तेथे सर्वांआधी देवाची स्थापना होते, देवामागून गुराखी येतो, गुराख्याच्या वाटेने बंदूक आणि नकाशा घेतलेला साहेब येतो, साहेबाच्या पाठोपाठ धनिक येतात, आणि या सर्वांची बिऱ्हाडे थाटून झाल्यावर, कित्येक दशकांनी, वर्षाकाठी चार दिवस मोकळी हवा लाभावी एवढीच माफक आकांक्षा बाळगणारा कारकून, शाळामास्तर किंवा गिरणी-कामगार आपल्या बायकामुलांसह त्या पाण्याच्या काठी येऊन उभा राहतो. कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर पसरलेल्या माथेरानच्या पठारावर हा क्रम अजूनही जमिनीवर उमटलेला दिसतो. शार्लोट तळ्यापाशी ग्रामदैवत पिसारनाथाचे देऊळ आहे. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्यांतून निघालेल्या पायवाटा चहूबाजूंनी कडा चढून वर येतात. झाडीत दडलेले जुने बंगले इंग्रज अंमलदारांचा आणि त्यांच्यामागून आलेल्या पारशी, बोहरी व गुजराती श्रीमंतांचा काळ सांगतात. आणि बाजारपेठेच्या अंगाने, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पत्र्याच्या व कौलांच्या इमारतींवर ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशा पाट्या लावलेल्या असतात.

या लेखाचा विषय ती शेवटची पाटी आहे. थंड हवेच्या ठिकाणांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात सूर्यास्त, दऱ्या आणि धुके यांना भरपूर जागा मिळते. परंतु मुक्कामाच्या खोलीचे भाडे काय, ते कोणाला परवडते, आणि ज्या पाण्याने पाहुण्याची आंघोळ होते ते पाणी त्या खोलीपर्यंत कोणाच्या श्रमाने पोचले, या प्रश्नांना सहसा कोणी हात घालत नाही. जलाशयाच्या काठी वसलेल्या गावाची संस्कृती जोखावयाची तर तिची कसोटी याच प्रश्नांत आहे, अशी माझी धारणा आहे, आणि ती धारणा माथेरानच्या साध्या खोल्यांत राहूनच दृढ झालेली आहे.

२

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट हे पायथ्याच्या चौक गावी मुक्कामास होते. चौक हे गाव आज खालापूर तालुक्यात मोडते. त्या काळी कर्जत आणि खालापूर हा सारा मुलूख ठाण्याच्या कलेक्टराच्या अमलाखाली होता. समोरच्या डोंगराने त्यांचे लक्ष वेधले, ते आज ‘वन ट्री हिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोंडेने वर चढले आणि रामबागच्या वाटेने उतरले. सरकारी दप्तरांत या घटनेला माथेरानचा ‘शोध’ म्हणण्याची प्रथा पडली. पण ज्या वाटांनी साहेब चढला आणि उतरला त्या वाटा ठाकरांच्या आणि धनगरांच्या पायांनी आधीच मळलेल्या होत्या, हे येथे नमूद करणे न्यायाचे आहे. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या टेकडीत लक्ष घातले, रस्त्यांची आखणी झाली, बंगल्यांसाठी जागा दिल्या गेल्या, आणि उन्हाळ्यात मुंबईचा उकाडा चुकवू पाहणाऱ्या अंमलदारांची येथे वर्दळ सुरू झाली.

याच सुमारास, १८५६ साली, कल्याणहून निघालेला लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचला आणि वाटेवरचे नेरळ हे स्थानक माथेरानचे प्रवेशद्वार बनले. परंतु नेरळला उतरून वर जायचे म्हणजे तट्टू, पालखी किंवा स्वतःचे पाय. तट्टू आणि पालखी यांचा खर्च बेताच्या मिळकतीच्या माणसाला झेपणारा नव्हता, आणि म्हणून अर्धशतकभर ही टेकडी त्याच्यासाठी गाडीच्या खिडकीतून दिसणारी एक हिरवी रेघ राहिली. ही स्थिती पालटली ती १९०७ साली. सर आदमजी पीरभाई या बोहरी उद्योगपतीचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी सुमारे १६ लाख रुपये खर्चून, दोन फूट रुंदीचा, वीस फुटांत एक फूट चढणारा, जवळजवळ २१ किलोमीटर लांबीचा वळणावळणांचा रेल्वेमार्ग नेरळहून वर नेला, आणि त्या वर्षीच्या २२ मार्च रोजी तो वाहतुकीस खुला झाला. नगरपालिका त्याआधी दोनच वर्षे, १९०५ मध्ये, स्थापन झालेली होती. रेल्वेचे तिकीट हे कोणाची जात, हुद्दा किंवा ओळख विचारीत नाही. ज्याच्यापाशी ठरलेले भाडे आहे त्याला ते मिळते. या एका गोष्टीने माथेरान हे मोजक्या लोकांचे ग्रीष्मकालीन निवासस्थान न राहता मुंबईच्या चाळींतील माणसांचेही गाव झाले.

ती माणसे वर आली तेव्हा त्यांच्यासाठी बंगले नव्हते. मोठ्या हॉटेलांचे दर त्यांच्या महिन्याच्या पगाराशी जुळत नव्हते. तेव्हा बाजारातील दुकानदारांनी आपल्या माडीवरच्या खोल्या मोकळ्या केल्या, खाणावळवाल्यांनी ओसरीवर चार खाटा टाकल्या, बंगल्यांच्या राखणदारांनी मालकाच्या संमतीने मागचा भाग भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि विविध ज्ञातींनी व धर्मादाय संस्थांनी आपापल्या लोकांसाठी आरोग्यभुवने बांधली. कोणत्याही सरकारी हुकुमाशिवाय, गरज आणि मिळकत यांच्या मेळातून, अल्प खर्चाच्या निवासाची एक संपूर्ण व्यवस्था या पठारावर उभी राहिली.

३

आजही त्या व्यवस्थेचा आराखडा फारसा बदललेला नाही. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत यावे. तेथे मोटारींची हद्द संपते, नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्यावी, आणि रेल्वेच्या रुळांच्या सोबतीने लाल मातीतून चालत बाजार गाठावा. नाक्यावरच खोल्यांचे दलाल भेटतात. पण घाई नसेल तर बाजारापर्यंत स्वतः चालत जाऊन, खोली डोळ्यांनी पाहून, मालकाशी समक्ष बोलून भाडे ठरविणे श्रेयस्कर. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात जो दर सांगितला जातो तो सोमवार ते गुरुवार या दिवसांत निम्म्यापर्यंत उतरतो, आणि पावसाळ्यात, छोटी गाडी नेरळ ते अमन लॉज स्थानक या टप्प्यात बंद असते तेव्हा, तो त्याहूनही खाली येतो.

खोली लहान असते. दोन खाटा, एक टेबल, भिंतीत खुंट्या, आणि माकडांच्या बंदोबस्तासाठी खिडकीला घट्ट बसविलेली लोखंडी जाळी. दाराशी गोणपाट पसरलेले असते, कारण येथील तांबडी माती पायांबरोबर घरात आली की धुऊनही सहजी निघत नाही. खोलीतून तळे दिसत नाही. तळे बाजारापासून चालत साधारण अर्ध्या तासावर, झाडीच्या पलीकडे आहे, आणि ज्या वास्तूंतून दरीचे देखावे दिसतात त्यांचे भाडे निराळे असते. जेवण ठरलेल्या वेळी मिळते: दुपारी वरण-भात, भाजी, पोळी, रात्री मागणी केल्यास पिठले-भाकरी किंवा कोंबडीचा रस्सा. किती ताटे लागणार हे सकाळीच सांगावे लागते, कारण या डोंगरावर उरलेले अन्न आणि अपुरे पडलेले अन्न या दोन्ही गोष्टी महाग पडतात.

अशाच एका घरगुती निवासात उतरलो असता, घरची कर्ती मावशी सकाळी दारात येऊन म्हणाली, “दादा, बंब एकदाच पेटवते. किती बादल्या लागतील ते आत्ताच सांगा. मोजून देते म्हणून राग मानू नका, एप्रिलमध्ये आम्हीसुद्धा मोजूनच घेतो.” तिच्या स्वरात अजिजी नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता, आपल्या घरात पाण्याचा जो नियम आपल्याला लागू आहे तोच पाहुण्याला लागू आहे, एवढेच ती सांगत होती. मोठ्या हॉटेलांत पाहुण्याला पाण्याचा प्रश्न दिसू नये यासाठी पुष्कळ द्रव्य खर्च केले जाते. येथे तो प्रश्न यजमान आणि पाहुणा यांनी वाटून घेतला होता. स्वस्त मुक्कामाचे खरे मूल्य मला त्या संभाषणात सापडले. जागेचे सत्य माणसापासून लपवून ठेवण्याइतका पैसा तेथे कोणापाशीच नसतो, आणि म्हणून तेथे राहणाऱ्याला ती जागा जशी आहे तशी कळते.

४

शार्लोट तळ्याकडे पहाटे जावे. बाजारातून निघालेली वाट जांभूळ, हिरडा आणि अंजनीच्या दाट सावलीतून जाते. मोटारीचा आवाज या गावाला ठाऊकच नसल्यामुळे पायांखालच्या पाचोळ्याचा आवाजही मोठा वाटतो. पिसारनाथाच्या देवळात शेंदूर माखलेली स्वयंभू पिंडी आहे. नित्यपूजेला आलेली गावातली माणसे दर्शन घेऊन तशीच कामाला निघून जातात. देवळापासून जवळच तळ्याचा बांध. तळे अतिविशाल नाही. पठारावरचे पावसाळी पाणी अडवून केलेला तो साठा आहे, आणि गावाच्या पिण्यासाठी तो राखलेला असल्यामुळे त्यात पोहण्यास वा नौका घालण्यास मुभा नाही. वर्षाकाळी बांधावरून सांडलेले पाणी पश्चिमेच्या कड्यावरून थेट दरीत कोसळते, आणि लगतच्या इको पॉइंट व लुईझा पॉइंट यांवरून समोर प्रबळगडाची भिंत ढगांतून मधूनमधून प्रकट होते.

तळ्याकाठी राहण्याचा विषय निघाला की आजच्या सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात उत्तर इटलीतील सरोवरे उभी राहतात. आल्प्सच्या दक्षिण उतारावर हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत कोमो, मॅजोरे, गार्डा ही सरोवरे पसरलेली आहेत. त्यांतील गार्डाचे क्षेत्र सुमारे ३७० चौरस किलोमीटर, तर कोमोची खोली ४०० मीटरांहून अधिक आहे. या परिमाणांपुढे माथेरानचे तळे ओंजळभर आहे, आणि सौंदर्याच्या तुलनेचा तर प्रश्नच उद्भवत नाही. परंतु दोन्हीकडच्या मानवी व्यवस्थेत मात्र विलक्षण साम्य आहे. कोमोच्या पाण्यालगतचा काठ सरदारांच्या आणि कारखानदारांच्या प्रासादांनी व्यापलेला आहे; साध्या मिळकतीचा प्रवासी स्थानकामागच्या किंवा चढावरच्या गल्लीतील एखाद्या छोट्या कौटुंबिक हॉटेलात उतरतो, जेथे घरधनीण स्वतः किल्ली देते, न्याहारीला कॉफी आणि पाव मिळतो, आणि खिडकी सरोवराऐवजी शेजारच्या अंगणाकडे उघडते म्हणून भाडे कमी पडते. मिलान शहरातील कामकरी माणूस आगगाडीने कोमोला पोचू लागला, आणि १८९४ साली कोमोहून वरच्या ब्रुनाते गावापर्यंत दोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. आमची नेरळची गाडी त्यानंतर तेरा वर्षांनी आली. आलेस्सांद्रो मांझोनी यांची जी कादंबरी इटलीतील प्रत्येक शाळकरी मूल वाचते तिचा प्रारंभ कोमो सरोवराच्या वर्णनाने होतो, पण तिचे नायक-नायिका हे प्रासादांतले नव्हेत. रेशमाच्या कामावर पोट भरणारी ती दोन गरीब माणसे आहेत. सरोवराचे वैभव कोणाचेही असो, त्याचा इतिहास काठावर राबणाऱ्यांच्या नावे लिहावा लागतो, ही जाणीव त्या लेखकाला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झालेली होती.

आपल्याकडील माणसाने कोमोला जरूर जावे. तेथून परतताना त्याने एवढेच ध्यानी धरावे की जी गोष्ट तेथे त्याला रमणीय वाटली, म्हणजे घरच्या माणसांनी चालविलेले, बाजारातल्या भाजीवर आणि शेजाऱ्याच्या दुधावर चालणारे, लहानसे स्वच्छ निवासस्थान, ती गोष्ट मुंबईहून आगगाडीच्या दोन तासांवर त्याच्याच भाषेत उपलब्ध आहे.

५

आता पाण्याकडे वळू. माथेरानवर वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही होळी उलटली की गावाला पाण्याची विवंचना सुरू होते. कारण भूस्तरांत आहे. काळ्या कातळावर जांभ्याचा सच्छिद्र थर बसलेला आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपून कड्यांच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि उरलेले सरळ दरीत उड्या घेते. पठार अरुंद आणि सर्व बाजूंनी तुटलेले असल्यामुळे पाणी साठवावयास जागाच थोडी. शार्लोट तळ्यासारखे बांध घालूनही पाहुण्यांच्या हंगामाला ते पुरत नाही. म्हणून नेरळजवळ कुंभे येथे उल्हास नदीचे पाणी उचलून, टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवीत, ते पुन्हा या पठारावर आणले जाते. छोट्या गाडीच्या मार्गावर जुम्मापट्टी आणि अमन लॉज यांच्या मधल्या स्थानकाचे नावच ‘वॉटर पाइप’ आहे.

या एका वस्तुस्थितीवर क्षणभर थांबले पाहिजे. जे पाणी जुलै महिन्यात या डोंगरावरून फुकट खाली गेले, तेवढ्याच उंचीवर, वीज खर्चून, मे महिन्यात पाणी वर आणावयाचे. पायथ्याच्या उल्हास खोऱ्यात उन्हाळ्यातही प्रवाह राहतो त्याला टाटांच्या भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी कारण आहे. ते केंद्र १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी जलाशयाच्या पाण्यावर चालत आले आहे. खालापूरच्या बाजूला खोपोलीचे केंद्र त्याहूनही जुने, १९१५ चे. वळवण आणि शिरवटा या लोणावळ्याजवळच्या तळ्यांचे पाणी तेथे उतरून पुढे पाताळगंगेला मिळते. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके म्हणजे अशा रीतीने डोंगरावरच्या तळ्यांचे पाणी मुंबईच्या दिव्यांसाठी, कारखान्यांसाठी आणि नळांसाठी उतरविणारा एक प्रचंड जिना आहे, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला मात्र पाणी मोजूनच येते.

मॅलेट साहेब ज्या सोंडेने चढले त्या वन ट्री हिलवर आज उभे राहिले तर खाली चौक गावालगत एक विस्तीर्ण जलाशय चकाकताना दिसतो. तो मोरबे धरणाचा. धावरी नदीवर बांधलेले हे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. त्याची साठवण सुमारे १९० दशलक्ष घनमीटर असून त्यावर एका अख्ख्या शहराचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. त्या जलाशयाच्या काठची गावे धरणात गेली, आणि उरलेल्या काठावर शहरातून येणाऱ्यांसाठी आठवडाअखेरच्या वाड्या, बंगले आणि विश्रामधामे वाढू लागली. त्याच पाण्यावर इर्शाळगडाचा सुळका नजर रोखून उभा आहे. त्याच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. २०२३ सालच्या १९ जुलैच्या रात्री डोंगराचा कडा त्या वाडीवर कोसळला; २७ मृतदेह हाती आले आणि ५७ माणसे मातीखालीच राहिली. पाण्याकाठी राहण्याचे सुख आणि पाण्याकाठी राहण्याची जोखीम यांची वाटणी या मुलखात किती विषम आहे, हे त्या रात्रीने दाखविले. जो चार दिवसांसाठी येतो त्याला सुख मिळते. जो पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्याच्याकडे जोखीम राहते.

६

अल्प खर्चाच्या मुक्कामाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. स्वस्ताई ही कोणाच्या तरी कमी मजुरीवर उभी असते, असे तो आक्षेप सांगतो. माथेरानपुरते बोलायचे तर तो सर्वस्वी खोटा नाही. मोटारींना मज्जाव असल्यामुळे गावाला लागणारी प्रत्येक वस्तू, गॅसच्या टाकीपासून कांद्याच्या गोणीपर्यंत, छोट्या गाडीने, घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीने किंवा माणसाच्या डोक्यावरून येते. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्याही आत असलेल्या या लोकसंख्येतील किती घरे या ओझ्यावर जगतात ते दस्तुरी नाक्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले तरी कळते. पायथ्याच्या वाड्यांतील बाया पहाटे कडा चढून येतात, दिवसभर हॉटेलांत भांडी घासतात, आणि दिवेलागणीआधी पुन्हा कडा उतरतात.

या सर्वांत कठोर काम हातरिक्षाचे. एक माणूस पुढे ओढतो, दोघे मागून लोटतात, आणि आत बसलेला माणूस झाडांकडे पाहत असतो. एका हातरिक्षावाल्याने मला सांगितले, “चढावर ओढायची आणि उतारावर रोखायची. उतार जास्त वाईट, गुडघे जातात.” २००३ साली हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला, आणि यांत्रिक वाहनांवरील बंदीचे सारे ओझे ज्यांनी वाहिले त्यांत हे ९४ परवानाधारक रिक्षावाले आणि त्यांचे साथीदार आघाडीवर होते. वने वाचविणे अगत्याचे होते, यात संशय नाही. परंतु वने वाचविण्याचा मोबदला माणसाच्या गुडघ्यांतून वसूल करावा, हे कोणत्याही धर्मशास्त्रात बसणारे नव्हते. दीर्घ वादानंतर २०२२ च्या डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षेची प्रथा मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा प्रथम हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात आणि उरलेल्या आदिवासी स्त्रिया व इतर स्थानिकांना मिळाव्यात, अशीही तजवीज त्या निकालात आहे.

या निकालाच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी याच गावाने एक माणूस दिला होता. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, श्रमिकांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, सावकारीच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या. आणि १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता संघटित करून, मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडून, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह त्यांनी प्राणार्पण केले. पाहुण्यांच्या पायांवर जगणाऱ्या गावात, पाहुण्यांची सरबराई करणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या त्या तरुणाने आपल्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ त्याच लोकांच्या मुलांना अक्षरओळख करून देण्यापासून केला, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. माथेरानचा विचार करताना देखाव्यांच्या यादीआधी त्यांचे नाव घेतले पाहिजे.

७

मग स्वस्त मुक्काम हा अन्याय्य आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते मी हिशेबाच्या आधारावर देतो. घरगुती निवासात उतरलेल्या पाहुण्याचे भाडे त्याच घरातील माणसांच्या हाती पडते; तो जेवतो ते धान्य बाजारातल्या दुकानातून येते; तो चालतो म्हणून इंधन जाळत नाही; तो पाणी बादलीने वापरतो. महागड्या विश्रामधामात उतरलेल्याचे भाडे अधिक असते, पण त्यातील मोठा भाग डोंगर उतरून मालकाच्या शहरी पेढीत जमा होतो, आणि पोहण्याचा हौद व हिरवळ यांना लागणारे पाणी मात्र याच डोंगरावर खर्ची पडते. दोन्ही ठिकाणी राबणाऱ्या माणसाला पुरेसे वेतन मिळाले पाहिजे, हे निर्विवाद. परंतु अल्प भाडे आणि अल्प वेतन ही एकच गोष्ट नव्हे. जेथे यजमान स्वतः राबतो आणि स्वतःच कमावतो तेथे भाडे कमी असूनही मजुरी पुरी पडू शकते.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. राज्य शासनाची निवास व न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे; तिची नोंदणी माथेरानच्या आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील ठाकर-कातकरी कुटुंबांच्या दारापर्यंत, त्यांच्या भाषेत आणि मामलेदार कचेरीचे हेलपाटे न घालता पोचली पाहिजे. पठारावर ज्या इमारतीला मोठे छप्पर आहे तिने त्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठविण्याची सक्ती असावी, आणि पाण्याची पट्टी खोल्यांच्या संख्येवर न बसविता वापरावर बसवावी, म्हणजे जो मोजून वापरतो त्याला त्याचे फळ मिळेल. ई-रिक्षा ज्यांच्या खांद्यांवरून ओझे उतरविण्यासाठी आल्या आहेत त्यांच्याच नावावर राहाव्यात. परवाना भाडेपट्ट्याने दुसऱ्याच्या हाती जाऊ लागला तर न्यायालयाचा निकाल कागदावरच उरेल. आणि मोरब्यासारख्या जलाशयांचे काठ एकामागून एक कुंपणात जाण्यापूर्वी, पाण्यापर्यंत पोचणारी निदान एक सार्वजनिक वाट आणि तिच्या काठी स्थानिकांनी चालविलेले निदान एक साधे विश्रांतिस्थान प्रत्येक ठिकाणी राखून ठेवावे.

विश्रांती ही श्रीमंतीची शोभा आहे अशी समजूत अजून पुरती गेलेली नाही. वर्षभर लोकलच्या गर्दीत उभा राहणारा माणूस चार दिवस झाडाखाली बसला तर तो ऐषाराम करीत नाही. जे त्याच्या देहाचे देणे आहे ते तो फेडतो. त्याला तसे बसता यावे म्हणून एका बोहरी गृहस्थाने रेल्वे बांधली, दुकानदारांनी माड्या रिकाम्या केल्या, आणि एका मावशीने पहाटे बंब पेटविला. ती सोय टिकविणे ही आता आपली जबाबदारी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी पाळावी लागेल: यजमानाने भाडे माफक ठेवावे, आणि पाहुण्याने पाणी मोजून वापरावे, सामान जमेल तितके स्वतः वाहावे, मजुरी घासाघीस न करता द्यावी. एवढे झाले तर कर्जतच्या डोंगरावरचे हे लहानसे तळे, कोमोच्या काठावर उभे राहून लाजावे लागणार नाही, अशा योग्यतेचे ठरेल.